गिऱ्हाईक कोणत्या शब्दांनी शोधते? संकेतस्थळासाठी वर्ग आणि कीवर्ड निवडताना

ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलच्या शोधपानावर सर्वांत वर कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेले उत्तर भारतातही दिसू लागले, आणि तेव्हापासून मुंबईतील लहान दुकानदार, क्लासचालक आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया मला एकच प्रश्न विचारतात: आता संकेतस्थळावरच्या कीवर्डना, म्हणजे लोक ज्या शब्दांनी शोधतात त्या शब्दांना, काही अर्थ उरला आहे का? त्याच वेळी ‘महिन्याभरात पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगणारे फोन त्यांना येत असतात आणि शेकडो कीवर्डची यादी पैसे घेऊन हातात ठेवली जाते. एकाला वाटते की सगळेच निरर्थक झाले, दुसऱ्याला वाटते की यादी घेतली की काम झाले. दादर, गिरगाव आणि ठाणे या भागांतील लहान व्यवसायांच्या संकेतस्थळांची मांडणी करून देणे हे माझे काम आहे, आणि त्या अनुभवावरून मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. वर्ग (पानांचे गट) आणि कीवर्ड हा शोधयंत्राला फसवण्याचा मंत्र नाही. गिऱ्हाईक जे शब्द तोंडाने बोलते, ते ऐकून संकेतस्थळावर योग्य जागी लिहून ठेवणे एवढेच ते काम आहे, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी केलेले नसते.

शोधयंत्र नेमके काय करते?

आपण गुगलवर काही शोधतो तेव्हा ते त्या क्षणी जगभरची संकेतस्थळे उघडून पाहत नाही. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम आधीच एका पानावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर वाचून ठेवतो, आणि त्यातून एक प्रचंड सूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तिच्यात ‘पानिपत’ या शब्दापुढे पृष्ठांचे क्रमांक दिलेले असतात, तशीच ही सूची असते. शोधणाऱ्याने टाइप केलेला किंवा बोललेला शब्द किंवा शब्दसमूह म्हणजे कीवर्ड. संकेतस्थळावरच्या पानांचे आपण जे गट पाडतो, ते म्हणजे वर्ग, ज्यांना दुकानदार सर्रास कॅटेगरी म्हणतात.

सूचीतून पाने निघाली की त्यांचा क्रम लावावा लागतो, आणि खरी गुंतागुंत तिथे सुरू होते. गुगलची स्थापना १९९८ मध्ये झाली तेव्हा त्याचे वेगळेपण असे होते की एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी दुवे (लिंक) दिले आहेत, यावरून ते त्या पानाचे महत्त्व ठरवत असे. दुवे आजही मोजले जातात, पण त्यांच्यासोबत इतर कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात. शब्दांच्या बाबतीत मात्र त्याहूनही जुना एक विचार समजून घेण्यासारखा आहे. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक स्त्रीने १९७२ मध्ये असे मांडले की एखादा शब्द जितक्या जास्त मजकुरांत आढळतो, तितका तो नेमका मजकूर वेगळा काढायला कमी उपयोगी पडतो. दादरच्या रानडे रोडवर उभे राहून ‘साडीचे दुकान कुठे आहे’ असे विचारले तर सांगणारा चारी दिशांना हात करील. ‘लहान मुलींची शिवलेली नऊवारी कुठे मिळेल’ असे विचारले तर तो एका विशिष्ट गल्लीकडे बोट दाखवील. ‘साडी’ या शब्दावर संकेतस्थळ वर आणण्यासाठी पैसे घालवणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

‘आमचे संकेतस्थळ कोणत्या कॅटेगरीत नोंदवायचे?’

हा प्रश्न जुन्या काळातून आलेला आहे आणि एके काळी तो योग्यही होता. १९९४ मध्ये सुरू झालेली याहूची निर्देशिका, म्हणजे संकेतस्थळांची विषयवार यादी, माणसे हाताने तयार करत असत आणि संकेतस्थळाला तिच्यातल्या योग्य कप्प्यात जागा मिळवावी लागे. १९९८ मध्ये सुरू झालेली डीमॉझ ही निर्देशिका स्वयंसेवक संपादक चालवत. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली आणि डीमॉझ २०१७ मध्ये. आता संकेतस्थळासाठी बाहेरच्या कोणाकडे वर्ग मागायला जावे लागत नाही, कारण आपल्या संकेतस्थळाच्या आतली मांडणीच यंत्र वाचते.

असाच दुसरा अवशेष म्हणजे पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, कीवर्डची यादी लिहून ठेवण्याची पद्धत. क्रम लावताना आपण ती यादी मुळीच विचारात घेत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही त्या जागेत शब्द भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ते पैसे देणारा दुकानदार बहुधा पहिल्यांदाच संकेतस्थळ करत असतो.

दादरचे एक दुकान आणि फोनशेजारची वही

दादर पश्चिमेला शिवलेल्या नऊवारी साड्यांचे एक दुकान आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ‘न्यू अरायव्हल्स’, ‘प्रीमियम कलेक्शन’, ‘क्लासिक’ आणि ‘इतर’ असे चार वर्ग होते. छायाचित्रे उत्तम होती, पण शोधातून येणारे गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. मी दुकान चालवणाऱ्या ताईंना कोणतेही महागडे साधन घ्यायला सांगितले नाही. फोनशेजारी एक वही ठेवावी आणि फोनवर किंवा दुकानात कोणी काय विचारले ते त्याच शब्दांत, जराही न सुधारता लिहावे, एवढीच विनंती केली.

दोन आठवड्यांनी वही पाहिली, तर तिच्यात असे प्रश्न होते: ‘मुंजीत आत्यांना नेसायला तयार नऊवारी आहे का?’ ‘पाच वर्षांच्या मुलीच्या मापाची मिळेल का?’ ‘आईची जुनी सहावारी आहे, तिची नऊवारी शिवून द्याल का?’ ‘पाडव्याच्या शोभायात्रेला आम्ही बाराजणी आहोत, सारख्या रंगाच्या मिळतील का?’ ‘भाड्याने देता का?’ ‘तिला खिसा असतो का?’ यांपैकी एकाही प्रश्नात ‘प्रीमियम’ नव्हते, ‘कलेक्शन’ नव्हते. दुकानदार माल जसा रचतो तसे संकेतस्थळ रचलेले होते, आणि गिऱ्हाईक आपल्या गरजेच्या शब्दांनी शोधत होते.

वहीतला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक कीवर्ड, पण प्रत्येकासाठी वर्ग करायचा नसतो, आणि निवडीचे कौशल्य इथेच लागते. ज्या गरजेसाठी दुकानात बऱ्याच वस्तू आहेत आणि जिच्या नावाने लोक शोधाला सुरुवात करतात, तिचा वर्ग होतो, म्हणून ‘लहान मुलींची शिवलेली नऊवारी’ हा वर्ग झाला. ‘तुमच्या साडीची नऊवारी शिवून मिळेल’ ही सेवा आहे, तिला एक स्वतंत्र पान पुरेसे होते. त्या पानावर साडीची लांबी किती लागते, मापे कशी घ्यायची आणि किती दिवस लागतात हे सविस्तर लिहिले. खिशाच्या प्रश्नाला वर्गही लागत नाही आणि पानही लागत नाही. प्रत्येक साडीच्या वर्णनात ‘उजव्या बाजूला खिसा आहे’ हे एक वाक्य हवे असते, आणि ते आधी कुठेच नव्हते.

एका गोष्टीत मात्र आम्ही चुकलो. ‘नऊवारी साडी कशी नेसावी’ असे पुष्कळ लोक शोधतात, म्हणून ते शब्द आम्ही विक्रीच्या पानाच्या शीर्षकात घातले. त्याने काहीच साधले नाही, कारण असे शोधणाऱ्या बाईकडे साडी आहे, तिला नेसायला शिकायचे आहे. शब्दांमागचा हेतू वेगळा असेल तर शब्द जुळूनही उपयोग नसतो. हेतू ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो कीवर्ड स्वतः शोधून पाहणे. वरच्या निकालांत व्हिडिओ आणि सचित्र कृती येत असतील तर तिथे विक्रीचे पान टिकणार नाही.

मांडणीवरच्या डब्यांचा नियम

स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ‘डाळी’, ‘पिवळे’ आणि ‘सोमवारी लागणारे’ अशा चिठ्ठ्या लावलेले तीन डबे शेजारी ठेवले तर हरभऱ्याची डाळ कोणत्या डब्यात आहे हे घरातल्यांनाही सांगता येणार नाही. संकेतस्थळांवर मात्र ‘पैठणी’, ‘लग्नासाठी’ आणि ‘लाल’ हे वर्ग एकाच ओळीत सर्रास दिसतात. एक कापडाचा प्रकार आहे, दुसरा प्रसंग आहे, तिसरा रंग आहे. एका पातळीवर वर्गीकरणाचा एकच निकष असावा आणि तो गिऱ्हाईक प्रथम ज्या अंगाने विचार करते त्यानुसार ठरवावा. कोण नेसणार आणि कशासाठी, हा त्या दुकानात पहिला प्रश्न होता, म्हणून मुख्य वर्ग त्यानुसार झाले. कापड दुसऱ्या पातळीवर गेले, आणि रंग व माप ही केवळ चाळणी (फिल्टर) म्हणून ठेवली, कारण प्रत्येक रंग आणि प्रत्येक माप यांच्या प्रत्येक जोडीचे वेगळे पान तयार झाले तर शेकडो जवळजवळ सारखी पाने निर्माण होतात आणि त्यांतले महत्त्वाचे पान कोणते हे यंत्राला ओळखता येत नाही.

हाच धोका टॅगमध्ये, म्हणजे वस्तूला लावलेल्या सुट्या खूणशब्दांतही असतो. संकेतस्थळ तयार करण्याच्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत प्रत्येक वर्गाचे आणि प्रत्येक टॅगचे पान आपोआप तयार होते, त्यामुळे उत्साहाने चाळीस टॅग लावले की एक-दोन वस्तू असलेली चाळीस रिकामीशी पाने उभी राहतात. वर्ग थोडे असावेत, त्यांची नावे स्वच्छ असावीत आणि वर्गाच्या पानावर त्यात काय आहे हे सांगणारा स्वतःचा परिच्छेद असावा. एकाच कीवर्डसाठी दोन पाने लिहू नयेत, कारण ती एकमेकांशीच स्पर्धा करतात. ‘इतर’ हा वर्ग तर शक्यतो काढूनच टाकावा, कारण कोणीही ‘इतर’ असे शोधत नाही.

मराठी शब्द निवडताना येणारे प्रश्न

‘आमचे गिऱ्हाईक इंग्रजीतच शोधते’ असे मला अनेकदा सांगितले जाते. काही प्रमाणात ते खरे आहे, पण तेच गिऱ्हाईक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करते, देवनागरीत टाइप करते आणि हल्ली फोनला तोंडाने मराठीत विचारते. म्हणून मजकूर शुद्ध देवनागरी मराठीत असावा आणि मुख्य नाव एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये), रोमन लिपीतही असावे. पत्ता रोमन ठेवण्याचा आणखी एक लाभ असा की देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवताना पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग होऊन बसतो.

मराठीत शब्दयोगी अव्यये आणि प्रत्यय शब्दाला चिकटतात: दादर, दादरला, दादरमध्ये, दादरच्या. शब्दाचे रूपही बदलते: साडी, साड्या, साडीचा. ‘नऊवारी’ आणि ‘नववारी’ ही दोन्ही रूपे चालतात. यंत्र हे संबंध आता पुष्कळ ओळखते, तरी ते प्रत्येक रूप ओळखेलच असे गृहीत धरू नये. शीर्षकात मूळ रूप ठेवावे, ‘शिवलेली नऊवारी साडी, दादर पश्चिम’ असे, आणि खालच्या मजकुरात वाक्य नैसर्गिकपणे लिहिले की इतर रूपे आपोआप येतात. पूर्ण वाक्ये लिहिण्याचे दुसरेही कारण आहे. देवनागरी ही हिंदीचीही लिपी आहे आणि सुटा शब्द भाषा सांगत नाही. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षणाचा आहे आणि मराठीत दंडाचा. पान कोणत्या भाषेत आहे हे गुगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते, कोडमध्ये दिलेल्या भाषेच्या खुणेवरून नाही.

मुंबईत स्थळांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तरी जुने नाव सांगणारी माणसे आजही भेटतात. व्हिक्टोरिया टर्मिनसचे छत्रपती शिवाजी टर्मिनस १९९६ मध्ये झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले, म्हणून एकाच ठिकाणाला व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी अशी तीन नावे बोलण्यात आहेत. दुकानाच्या पत्त्यात अधिकृत नाव द्यावे आणि ‘कसे यावे’ या परिच्छेदात जुने नाव सहज गुंफावे, जसे आपण फोनवर रस्ता सांगताना गुंफतो.

एक चूक इतकी सर्वत्र आहे की ती वेगळी सांगितली पाहिजे. छापखान्यातून आलेले माहितीपत्रक संकेतस्थळावर जसेच्या तसे चित्र म्हणून चढवले जाते, आणि मग त्यातली अक्षरे यंत्राच्या दृष्टीने मजकूर म्हणून भरवशाची राहत नाहीत. कधी तो मजकूर युनिकोड (सर्व भाषांच्या अक्षरांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधून उतरवला जातो. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत साठवलेली अक्षरे वेगळीच असतात, आणि सूचीत ‘साडी’ हा शब्द जातच नाही. खात्री करण्यासाठी पानावरचे एक वाक्य निवडून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून पाहावे. तिथे ते मराठीत उमटले तर ठीक, नाहीतर तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा लागेल.

‘जास्त वेळा शब्द आला तर जास्त फायदा होणार ना?’

होत नाही, उलट नुकसान होऊ शकते. पानाच्या तळाशी ‘दादर नऊवारी, नऊवारी दादर, स्वस्त नऊवारी मुंबई’ अशी रांग लावणे, किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणे, हे गुगलच्या नियमांत स्पष्टपणे गैरप्रकार म्हणून नोंदवलेले आहे. शब्द किती टक्के यावा याचे कोणतेही अधिकृत प्रमाण नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुगलने बर्ट ही पद्धत शोधात आणली, आणि तिचा उद्देशच वाक्यातल्या शब्दांचा परस्परांशी संबंध समजून घेणे हा आहे. शिवाय रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात, असे गुगल सांगत आले आहे. त्या १५ टक्क्यांची यादी कोणीही विकू शकत नाही. त्यांना सामोरे जाण्याचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे वस्तूविषयीची खरी माहिती पूर्ण लिहिणे.

आकडे कुठून मिळवावेत?

वहीतले शब्द किती लोक वापरतात हे पडताळण्यासाठी गुगलचे कीवर्ड प्लॅनर विनामूल्य आहे, पण ते जाहिरातदारांसाठी केलेले साधन आहे. त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातींची स्पर्धा दाखवतो. साध्या, म्हणजे जाहिरात नसलेल्या, निकालांत वर येणे किती अवघड आहे हे तो सांगत नाही, आणि हा गैरसमज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे. शोधांचा कल दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्समधले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसून तुलना असते, १०० म्हणजे त्या काळातला सर्वोच्च बिंदू. महाराष्ट्रापुरते पाहून दोन शब्दांची तुलना करायला ते उत्तम आहे. सर्वांत मोलाचे साधन गुगलचे सर्च कन्सोल आहे, कारण लोकांनी कोणते शब्द शोधले तेव्हा तुमचे पान दिसले, हे ते गेल्या १६ महिन्यांपर्यंतचे दाखवते. पान वारंवार दिसते पण कोणी उघडत नाही, असे शब्द तिथे आधी शोधावेत, कारण शीर्षक दुरुस्त करून तिथे लवकर फरक पडतो.

मोठ्या कंपन्यांपुढे लहान दुकानाचा निभाव कसा लागेल?

‘साडी’ या शब्दावर लागणार नाही, आणि त्यासाठी झुरूही नये. लहान दुकानाची जागा लांब, नेमक्या शब्दसमूहांत आणि जवळच्या गिऱ्हाइकात आहे. जवळपासचे दुकान शोधणाऱ्याला नकाशासह जे निकाल दिसतात, त्यांत गुगल मुख्यतः शोधाशी असलेला मेळ, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहते. तिथे दिसण्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवरची आपल्या व्यवसायाची नोंद, विनामूल्य भरावे. त्यात एक मुख्य वर्ग आणि जास्तीत जास्त नऊ पूरक वर्ग निवडता येतात. वर्ग ठरलेल्या यादीतूनच घ्यावे लागतात, म्हणून मुख्य कामाशी सर्वांत जवळचा वर्ग मुख्य ठेवावा आणि उरलेल्या नऊ जागा भरायच्याच म्हणून भरू नयेत. दुकानाच्या नावात ‘दादर बेस्ट नऊवारी’ असे शब्द जोडणे नियमाविरुद्ध आहे. पाटीवर जे नाव आहे तेच लिहावे.

पैसे देऊन क्रम विकत घेता येतो का, याचे उत्तर थोडक्यात असे: जाहिरातीची जागा विकत मिळते, पण जाहिरात दिल्याने साध्या निकालांतला क्रम सुधारत नाही.

यंत्रच उत्तर लिहिणार असेल तर हे कशासाठी?

ही शंका रास्त आहे. केवळ माहिती देणाऱ्या पानांना, विशेषतः एका ओळीत उत्तर संपणाऱ्या प्रश्नांवर उभ्या असलेल्या पानांना, वाचक कमी मिळतील अशी भीती मलाही वाटते. परंतु ते उत्तर सूचीतल्या पानांच्या आधारेच रचले जाते, आणि त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही, नेहमीचीच पथ्ये लागू आहेत, असे गुगलने सांगितले आहे. लांब प्रश्न आला की यंत्र त्याचे लहान लहान शोधांत तुकडे करते. ‘पुढच्या महिन्यात मुंज आहे, आईच्या सहावारीची नऊवारी दादरमध्ये किती दिवसांत शिवून मिळेल’ या प्रश्नाचा प्रत्येक तुकडा ज्या पानावर स्पष्ट लिहिलेला आहे, ते पान उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. शिवाय माप देण्यासाठी माणसाला शेवटी दुकानातच यावे लागते.

किती दिवस थांबावे?

काही बदल काही तासांत दिसतात, काहींना कित्येक महिने लागतात, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून सणासुदीची पाने आधी तयार करावीत आणि दरवर्षी पानाचा नवा पत्ता न करता त्याच पत्त्यावरचा मजकूर सुधारावा, म्हणजे जुन्या पानाने मिळवलेले दुवे वाया जात नाहीत. दादरच्या त्या दुकानात वही अजून फोनशेजारीच असते. गेल्या भाद्रपदात तिच्यात एकाच आठवड्यात तीनदा एक नवा प्रश्न उतरला होता: ‘गौरींच्या उभ्या मूर्तींसाठी शिवलेली नऊवारी मिळते का?’ दुकानात त्या साड्या होत्या, संकेतस्थळावर त्यांचा उल्लेखही नव्हता. यंदा ज्येष्ठातच त्यांचा स्वतंत्र वर्ग केला असून मूर्तीची उंची कशी मोजावी हे त्यात सर्वांत वर लिहिले आहे.